बीपीच्या पट्ट्यावर उचललेलं दार

लग्नात माहेराहून आलेलं लोखंडी कपाट शेळगावच्या घरात ठेवलं, त्या दिवसापासून त्याचं एक दार आपोआप उघडायचं. आम्ही जेवायला बसलो की ते कुरकुरत बाहेर यायचं आणि आतल्या साड्या, ब्लाउजपीसं, माझी प्रमाणपत्रांची फाइल असं सगळं पंक्तीला दिसायचं. सासूबाईंना मी आत्या म्हणायचे. आत्या घास चावता चावता म्हणायच्या, "बघ गं, तुझं माहेर डोकावतंय."

दोष कपाटाचा नव्हता. नव्या खोलीत शहाबादी फरशी बसवताना गवंड्याने घाई केली होती आणि पुढची फरशी अर्धा बोट खचली होती. कपाट पुढे झुकलेलं, म्हणून दार उघडं. पुढच्या पायांखाली काहीतरी सारलं की काम झालं, इतकं सोपं ते होतं. पण सारायचं तर कपाट उचलायला हवं, आणि उचलायला पहार घातली की फरशीचा टवका उडायचा. दोन टवके उडाल्यावर आत्यांनी पहारीला घरात बंदी केली.

मग गावातल्या सुतारतात्यांना बोलावलं. तात्या म्हणजे सडसडीत माणूस, डोक्याला कायम रुमाल करकचून बांधलेला आणि कानावर पेन्सिल. त्यांनी बाभळीची पाचर तासली, कपाटाखाली लावली आणि हातोडीने ठोकली. पाचर मुकाट्याने आत गेली, जरा जास्तच गेली. आता दार आपोआप उघडत नव्हतं. आता ते उघडतच नव्हतं. त्या आठवड्यात मी तीन दिवस एकच साडी नेसून कामावर गेले.

मी बारामतीतल्या एका दवाखान्यात नर्स होते. सकाळच्या एसटीने जायचं, संध्याकाळच्या एसटीने यायचं. नवरा माळेगावच्या साखर कारखान्यात होता. हंगाम सुरू झाला की तो तिकडेच मुक्कामाला असायचा आणि आठवड्यातून एकदा मळीचा वास घेऊन घरी यायचा. म्हणजे घरात आम्ही तिघंच: मी, आत्या आणि सासरे. गाव त्यांना आबा म्हणायचं, मी मामा म्हणायचे.

मामांचं लहानपण मेंढरांमागे गेलेलं. विशी ओलांडेपर्यंत ते माळावर घोंगडी टाकून झोपत होते. पुढे कालव्याचं पाणी रानात आलं, ऊस आला, घराला भिंती आल्या आणि मामा एका जागी बसले. बसले तसं रक्त वर चढलं, असं आत्यांचं मत होतं. आमच्या डॉक्टरांनी त्यांचं बीपी तपासून गोळ्या दिल्या आणि मीठ कमी करायला सांगितलं. आठवड्याला एकदा बीपी बघत जा, असं मला बजावलं. मी पगारातून नवं यंत्रही घेतलं. पण मामा दंड पुढे करायला तयार होईनात.

"मेंढराला दावं बांधल्यावानी काय बांधतीस?" ते म्हणायचे. "आन वर फुगीवतीस. माझा हात हाय, ट्यूब न्हाय."

"मामा, दुखत नाही हो."

"दुखत न्हाय म्हणूनच संशय येतोय."

त्याच सुमारास दवाखान्यातलं एक जुनं यंत्र बाद झालं. त्याची तबकडी बिघडली होती, काटा एकाच आकड्यावर अडकून बसलेला. पण कापडी पट्टा, आतली रबरी पिशवी आणि हवा भरायचा फुगा ठणठणीत होता. नवं घोडं बुजतं तेव्हा त्याला आधी खोगीर हुंगायला देतात. मला वाटलं, तसंच करावं. डॉक्टरांना विचारून मी ते घरी आणलं आणि मामांच्या बाजेवर ठेवून दिलं. म्हटलं, बघा हाताळून, चावत नाही ते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एसटीतून उतरून घरात पाऊल टाकते तोच मामांची हाक आली, "आगं ये, हिकडं ये आदी! तांब्या उठला!"

बाजेशेजारी जमिनीवर पट्टा पसरलेला, त्यावर पाट, पाटावर पाण्याने भरलेला तांब्या. मामा उकिडवे बसून फुगा दाबत होते. प्रत्येक दाबासरशी पाट तसूभर वर यायचा, तांब्यातलं पाणी जरासं हलायचं आणि मामा मान डोलवायचे. मग ते फुग्यावरचा हवा सोडायचा स्क्रू ढिला करायचे, पट्टा फुस्स करून बसायचा, पाट खाली.

"सकाळधरनं हेच चाललंय," आत्या चुलीपुढून म्हणाल्या. "आदी चंबू ठिवला, मग पायली, मग म्हणलं आता मला नगा बसवू."

"ह्येच्यात किती जोर हाय गं?" मामांनी मला विचारलं.

मी विचार केला. दंड आवळला की चांगल्या गड्याचं रक्त थांबतं. आणि पिशवी रुंद होती, सगळ्या अंगाने वर ढकलणार. म्हटलं, "बराच असणार."

आमची दोघांची नजर एकाच वेळी कपाटाकडे गेली.

कपाटाच्या तळाखाली दोन बोटं फट होती. मामांनी एक जुनी फळी तासून फटीत सारली, फळीवर रिकामा पट्टा सपाट करून ढकलला आणि फुगा माझ्या हातात दिला. "तू दाब. तुझा धंदा हाय."

मी दाबायला लागले. पहिले दहा-पंधरा दाब काहीच होईना, पट्टा नुसता फट भरत होता. मग कपाटातून कण्हल्यासारखा बारीक आवाज आला, आत बांगड्या किणकिणल्या, आणि पुढचे दोन्ही पाय फरशीपासून सुटले. तात्यांची पाचर आपसूक मोकळी होऊन पडली. ना धक्का, ना टवका. आत्या पदर तोंडाला लावून बघत राहिल्या. मामांनी पोटावर पालथं पडून दोन्ही पायांखाली पातळ फरशीचे तुकडे सारले. मी स्क्रू अगदी हळू सोडला आणि कपाट खाली टेकलं. दार निम्मं उघडून ठेवलं. ते तिथंच राहिलं. पाऊण उघडलं, तिथंही राहिलं.

"मानूस शानं झालं," मामा कपाटाला म्हणाले.

नंतरचे दोन दिवस ते घरभर हिंडून काय काय वाकडं आहे ते शोधत होते. ज्या माणसाला उभ्या तारुण्यात निजायला सपाट जागा मिळाली नव्हती, त्याला आता पाट हललेला खपेना. आमचा फ्रिज बंद होताना अंगात आल्यासारखा थरथरायचा. त्याच्या एका पायाखाली पत्र्याची चकती गेली आणि तो गप्प झाला. शिलाई मशीन झालं, ओट्यावरची शेगडी झाली. आणि मी माझी संधी साधली.

"मामा, पट्टा दवाखान्याचा आहे. वापरायचा असेल तर आधी दंड पुढे करायचा. नव्या यंत्राने बीपी बघायचं, मगच पट्टा हातात."

मामांनी माझ्याकडे बघितलं, मग पट्ट्याकडे. "लई बेरकी हायस," म्हणाले आणि बाही वर सारली. तेव्हापासून त्यांचं बीपी आठवड्यातून तीन-तीनदा बघितलं जाऊ लागलं.

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. शेजारणीचं जोडवं ज्वारीच्या कोठीखाली घरंगळत गेलं होतं. कोठी काठोकाठ भरलेली, रिकामी करायची तर अर्धा दिवस मोडणार. मामा पट्टा खांद्यावर टाकून गेले, कोठी एका अंगाने दोन बोटं उचलली आणि खराट्याच्या काडीने जोडवं बाहेर काढलं. जोडव्याबरोबर एक मेलेली पाल, दोन गोट्या आणि शेजाऱ्याने दोन वर्षं शोधलेला अडकित्ताही निघाला. त्यानंतर लोक "आबाचा फुगा" मागायला घरी येऊ लागले. अंथुर्ण्याहून एक जण सायकल मारत आला, त्याच्या पिठाच्या गिरणीखाली रबर घालायचं होतं. तिथंच फळीचा खिळा लागून पिशवी फुटली. मामा तसेच पंक्चरच्या दुकानात गेले. पंक्चरवाल्याने पिशवी उलटसुलट बघितली.

"आबा, ही कुठल्या गाडीची?"

"मानसाची," मामा म्हणाले. "ठिगळ नीट लाव."

या सगळ्यात एकच माणूस नाराज होता, तो म्हणजे सुतारतात्या. मामांचे ते लहानपणापासूनचे दोस्त. पण आपली पाचर फुग्याने काढून फेकली, हे त्यांच्या जिव्हारी लागलं होतं. पारावर ते म्हणायचे, "लाकडाचं काम लाकडानं व्हतं. वाऱ्यानं पोरांचे फुगे व्हत्यात." मामा ऐकून घरी यायचे आणि तेवढ्यापुरतं त्यांचं बीपी वाढलेलं मला दिसायचं.

गाठ पडली ती मामांच्या चुलतभावाच्या नव्या घरात. दोन दिवसांवर वास्तुशांत होती आणि पुढचं दार अजून बसायचं होतं. सागवानी, दोन फळ्यांचं, एकेक फळी अशी जड की तात्यांनी ती घडवताना अर्धा उन्हाळा काढला असावा. दार लावायचं म्हणजे दोन दणकट गडी फळी उचलून धरणार आणि तात्या बिजागरीत स्क्रू पिळणार. पण ऊसतोड जोरात होती, गावातला प्रत्येक दणकट गडी फडात नाहीतर ट्रॅक्टरवर. घरात होते फक्त मामांचे चुलतभाऊ, आणि त्यांचं गुडघ्याचं दुखणं जुनं होतं.

रविवार होता, मला सुट्टी. मामा म्हणाले, "चल, बघून येऊ." पट्ट्याची पिशवी त्यांच्या हातात होती. माझं यंत्र मी पर्समध्ये टाकलं, कारण सौदा तो सौदा.

आम्ही पोचलो तेव्हा तात्या एकटेच फळीखाली पहार घालून तिला खांद्याने रेटत होते. बिजागरीची भोकं चौकटीच्या भोकांसमोर यायची आणि पुन्हा दोऱ्याएवढी सरकायची. तात्यांचा चेहरा लालबुंद झाला होता.

"वर घे, आजून वर," मामा उंबऱ्याबाहेरून म्हणाले.

"तू शिकवू नगंस मला."

"दम खा मंग. ह्यो लावू का जरा?" मामांनी पिशवी दाखवली.

"दार लावायला माणसं लागत्यात आबा, दवाखाना न्हाय!"

तेवढ्यात पहार निसटली, फळी दाणकन जमिनीला टेकली आणि तात्या भिंत धरून उभे राहिले. क्षणभरच. मग म्हणाले, "काय न्हाय, जरा गरगरलं." पण मी त्यांचा हात बघितला होता. भिंत सोडायला तो तयार नव्हता.

मी खुर्ची मागवली. "तात्या, बसा. आधी दोघांचं बीपी बघू, मग दार."

"आबाचं बघ. मला कशाला? मी काय आजारी हाय?"

मामांनी ताबडतोब बाही वर सारली आणि सराईतपणे दंड पुढे केला. त्यांचं जवळपास ठीक होतं. मग ते तात्यांकडे वळले. "बघितलंस? न्हाय दुखत. का भ्यालास?"

"भ्यालास" हा शब्द पुरला. तात्यांनी बाही वर केली, पण तोंड दुसरीकडे फिरवलं.

मी हवा भरली, हळूहळू सोडली, कानात ठोके ऐकू लागले. ते जिथं सुरू व्हायला नकोत तिथंच सुरू झाले. मला वाटलं, घाईत चुकलं. पाच मिनिटं गप्प बसवून दुसरा दंड बघितला. तिथंही तेच. वरचा आकडा दोनशेच्या घरात. मामा माझ्या चेहऱ्याकडे बघत होते आणि त्यांची थट्टा हळूहळू उतरत गेली.

"तात्या, डोकं दुखतं का?"

"रोज सकाळचं दुखतंय. म्हणून तर फडकं बांधतो. लाकडाच्या भुश्यानं व्हतंय ते."

इतकी वर्षं आम्हा सगळ्यांना तो रुमाल तात्यांचा ऐटबाजपणा वाटत होता.

मी त्यांना सरळ सांगितलं. आज काही उचलायचं नाही, रेटायचं नाही, आणि उद्या पहिल्या एसटीने माझ्याबरोबर बारामतीला डॉक्टरांकडे यायचं. दार सोडून आत्ताच घरी निजायला जा म्हटल्यावर ते खुर्चीतून उठायलाच लागले. "परवा वास्तुशांत हाय. माझं दार आसं भितीला टेकलेलं पाव्हण्यांनी बघायचं व्हय?" मग ते खाली बघत म्हणाले, "माझा बाप आसाच ग्येला. रंधा मारता मारता. अर्धं अंग ग्येलं, मग आठ दिसांनी सगळाच."

मामा त्यांच्या खुर्चीशेजारी खाली बसले. बाप कसा गेला हे त्यांना माहीत होतं, पण त्याचीच धास्ती आहे हे इतक्या वर्षांच्या दोस्ताला सांगायला तात्यांनी एवढा वेळ घेतला होता.

"तू हिथंच बस," मामा म्हणाले. "तू नुसतं सांग. दार आमी लावतो. तुझ्याच सांगण्यानं."

"आमी म्हंजे कोण?"

"मी, ह्यो फुगा, आन आमची नर्सबाई."

मला वाटलं मी हवा भरीन. पण कामं वाटून दिली तात्यांनीच, आणि त्यांनी वेगळं ठरवलं. चुलतभाऊ फळी नुसती तोलून धरतील, वजन घेणार नाहीत. मामा पेचकस धरतील. "आन फुगा पोरीकडं द्या. मघाशी वारं सोडताना तिचा हात बघितला मी. आबाच्या हातानं सगळं भसकन जाईल."

फळीखाली पाट, पाटावर पट्टा, पट्ट्यावर आणखी एक लाकडाचा तुकडा, असं त्यांनी खुर्चीत बसून पेन्सिलीने दाखवत रचून घेतलं. मी दाबायला लागले. सागाची ती प्रचंड फळी उभ्या उभ्या वर यायला लागली, कोणी वजन न घेता. तात्यांनी खुर्चीतच पाठ ताठ केली. मान तिरपी करून ते बिजागरीकडे बघत होते.

"दाब. आजून एक. बास! जरा जास्त झालं. सोड... सुईभर सोड."

सुईभर सोडायचं, हे मला सांगावं लागत नव्हतं. रोज तीस-चाळीस दंडांवर मी तेच करत होते. काटा एकेक खूण उतरला पाहिजे, नाहीतर ठोका निसटतो. स्क्रू मी केसाएवढा फिरवला. फळी दिसेल न दिसेल अशी खाली आली आणि बिजागरीच्या भोकातून चौकटीचं भोक स्वच्छ दिसलं.

"आबा, घाल!"

मामांनी पहिला स्क्रू घातला. मग दुसरा. तिसऱ्याला पेचकस घसरला आणि मामांनी एक शिवी हासडली. सून समोर आहे हे आठवून ती "आयला" वरच थांबवली. तात्या पहिल्यांदा हसले. "डावीकडं पिळू नगंस मेंढक्या, उजवीकडं!"

दुसऱ्या फळीला निम्मा वेळ लागला. शेवटी पट्टा काढला, तात्यांना हाताला धरून उभं केलं, आणि त्यांनी दोन बोटांनी दार ढकललं. ते आवाज न करता गेलं आणि दुसऱ्या फळीला बरोबर भिडलं. तात्यांनी मधल्या फटीवरून अंगठा फिरवला, वरपासून खालपर्यंत. "वाऱ्यानं बसीवलं की गं," ते म्हणाले आणि पट्टा उचलून उलटसुलट बघायला लागले. पंक्चरच्या ठिगळावर त्यांनी नख मारून बघितलं. "ह्ये काम मात्र कच्चं हाय."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीत ते माझ्या आधी येऊन बसले होते. धुतलेलं धोतर, नवा रुमाल. शेजारी मामा. त्यांना मी बोलावलं नव्हतं. वाटेत जंक्शन गावच्या थांब्यावर चढलेल्या एका ओळखीच्याने विचारलं, "दोघं कुठं निघाला?" मामा म्हणाले, "ह्याचं वारं सोडायला."

डॉक्टरांनी तात्यांना तासभर निजवून ठेवलं, तीनदा तपासलं, कागद लिहिला, गोळ्या सुरू केल्या. मला बाजूला घेऊन म्हणाले, वेळेत आणलंत. मीठ, तंबाखू, जड उचलणं सगळं बंद. तंबाखूवर तात्यांनी बराच वाद घातला आणि जड उचलण्यावर जराही नाही. परतीच्या एसटीत मला म्हणाले, "त्याची सोय झालीच हाय."

त्यानंतर ते दोघं जोडीने कामं करू लागले. तात्या खुर्चीत किंवा उंबऱ्यावर बसून सांगायचे, मामा खाली वाकून करायचे, आणि दोघं दिवसभर भांडायचे. शेळगावात आणि आसपास कितीतरी दारं, कपाटं, टीव्हीचे शोकेस त्यांनी सरळ केले. हत्यारांच्या पिशवीत रंधा, पटाशी, ओळंबा आणि बीपीचा पट्टा. तात्यांनी पट्ट्यासाठी कॅनव्हासची खोळ शिवून घेतली होती, खिळे लागू नयेत म्हणून. दर रविवारी सकाळी दोघं आमच्या ओसरीवर दंड उघडे करून बसायचे आणि कुणाचा आकडा कमी यावर चहा ठरायचा. तात्यांच्या डोक्याचं फडकं दोन महिन्यांत सुटलं. खाली चक्क टक्कल होतं.

तीनेक वर्षांनी पट्ट्यातलं रबर वाळून त्याला भेगा पडल्या. पंक्चरवाल्याने हात टेकले. मी डॉक्टरांना विचारते म्हटलं, तर तात्या म्हणाले, मीच मागतो. पुढच्या तपासणीला बीपी चांगलं निघालं तसे ते डॉक्टरांसमोर हात जोडून उभे राहिले.

"एक जुना पट्टा द्या साहेब."

"कशाला?"

"दारं लावायला."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. मग मला सगळं सांगावं लागलं, तांब्यापासून. ते इतके हसले की बाहेर बसलेले पेशंट डोकावले. कपाटातून त्यांनी एक भलामोठा पट्टा काढला. मांडीवर लावायचा, वर्षानुवर्षं पडून असलेला. तात्यांनी तो दोन्ही हातांत तोलला. "ह्येच्यावर तर म्हस उचलंल."

म्हैस उचलली नाही. पण त्या संध्याकाळी मी घरी आले तेव्हा आत्या ओसरीतल्या लाकडी पलंगावर पावटे सोलत बसल्या होत्या आणि पलंगाचा एक कोपरा हवेत होता. खाली मामा फुगा दाबत होते, तात्या उंबऱ्यावरून सांगत होते.

"तो पाय आखूड हाय कधीचा," मामांनी मला समजावलं. "म्हणलं, आजच बघू नव्या पट्ट्याचा जोर."

"आन मी काय वजन हाय व्हय?" आत्या परात घट्ट धरून ओरडल्या. "आगं, ह्यांना सांग, मला आदी खाली उतरवा!"

"हलू नगा वैनी," तात्या गंभीरपणे म्हणाले. "आबा, आजून एक दाब."